तीन बोअर, एक तळं आणि 10 एकर: देपालपूरकडच्या एका शेताच्या पाण्याचा हिशोब

हे प्रकरण माझ्या मामाच्या शेताचं आहे. इंदूरहून हातोद सोडून देपालपूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी काळीभोर सपाट जमीन लागते त्यातलीच ही 10 एकर, होळकरांच्या काळापासून घरात आहे, खरीपात सोयाबीन आणि रबीत गहू, बटाटा, लसूण असं माळव्यात कुठेही दिसेल तसंच पीक. मी सिव्हिल इंजिनियर आहे, राहते इंदूरात, पण या शेतातल्या पाण्याचा हिशोब गेली काही वर्षं मीच मांडतेय म्हणून सगळं आकड्यांसकट लिहून ठेवते, कारण आपल्याकडे पाण्यावर बोलणारे खूप आणि मोजणारे फार कमी. घरच्यांची नावं लिहीत नाही, गावाचंही नाही.

आधी परिस्थिती सांगते. आजोबांच्या वेळी शेतात एक 35 फुटी विहीर होती, दगडाने बांधलेली, अजून आहे. तिच्यावर चडस म्हणजे बैलांची मोट चालायची आणि त्यात गहू एक-दोन पाण्यावर निघायचा, बाकी चना आणि अळशी कोरडवाहू. मग सोयाबीन आलं, वीज आली, आणि मामाने पहिली ट्यूबवेल 180 फुटांवर खोदली. काही वर्षांनी तिचं पाणी कमी झालं म्हणून दुसरी 350 फूट, आणि मग मामेभाऊ म्हणजे दादा शेती बघायला लागल्यावर तिसरी 520 फूट. दर वेळी पहिली दोन-तीन वर्षं बरी जायची, मग फेब्रुवारी लागला की मोटर पाण्याबरोबर हवा ओढायला लागायची, पाइपातून फस्स फस्स आवाज, आणि घरात तोच विषय की अजून खोल जायचं का.

खाली खडक कसा आहे ते आधी समजून घ्या

आपल्या माळव्याच्या खाली बेसॉल्ट आहे, दख्खनच्या पठाराचाच काळा खडक, म्हणजे पुण्या-नगरला जो आहे तोच. गंगेच्या खोऱ्यात खाली शेकडो फूट वाळू-माती असते आणि तिच्यात पाणी भरून राहतं तसं इथे नाही. इथे वरची काळी माती, मग पिवळी माती आणि मुरूम, मग झिजलेला भेगांचा खडक, आणि त्याखाली घट्ट पाषाण. पाणी साठतं ते मुख्यतः त्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. तिथून उपसता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच असतं. म्हणजे 2 टक्के धरले तर 1 मीटर जाडीच्या थरातून मिळतं फक्त 20 मिलिमीटर पाणी.

हा एक आकडा डोक्यात बसला ना की बाकी सगळं आपोआप कळतं. गव्हाला सरी-वाफ्याने एक पाणी द्यायचं तर 60-65 मिलिमीटर लागतं. म्हणजे गावातल्या सगळ्या जमिनीवर गहू असेल आणि सगळ्यांनी एकदा पाणी दिलं तर गावाच्या खालची पातळी 3 मीटर म्हणजे 10 फूट खाली जाते. एका पाण्यात 10 फूट! पाच पाणी दिली की 50 फूट. आणि झिजलेला थर बहुतेक ठिकाणी 20-30 मीटरच्या आतच संपतो, त्याखाली गेलात तर एखादी भेग लागली तर लागली, नाही तर कोरडा दगड. 520 फुटांच्या बोअरमध्ये पाणी येतं ते बरंचसं वरूनच झिरपून उतरलेलं असतं, खाली वेगळा काही खजिना नसतो.

आता जमा बाजू. इंदूरला वर्षाला सरासरी 950 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. बेसॉल्टमध्ये त्यातला साधारण 7 ते 13 टक्के जमिनीत मुरतो, मधला 10 धरला तर 95 मिलिमीटर. मामाच्या 10 एकरावर याचे होतात 38 लाख लिटर.

आणि खर्च? तिन्ही बोअर चालू असतानाच्या रबीचा हिशोब मी दादाबरोबर बसून काढला. 6 एकर गहू, त्याला पेरणीआधी पलेवा म्हणजे जमीन भिजवायचं पाणी आणि नंतर पाच पाणी, एकरी 16 लाख लिटरच्या वर. 3 एकर बटाटा आणि 1 एकर लसूण, दोन्हीला मोकळं पाणी, एकरी 24 लाख. सगळं मिळून 1 कोटी 95 लाख लिटर. जमा 38 लाख आणि खर्च 1 कोटी 95 लाख. दिलेल्या पाण्यातलं काही परत खाली मुरतं हे खरं, ते वजा केलं तरी खर्च जमेच्या तिपटीच्या खाली येत नाही.

मग इतकी वर्षं चाललं कसं? शेजाऱ्यांमुळे. आजूबाजूच्या जमिनी तेव्हा कोरडवाहू होत्या, त्यांच्यावर पडलेला पाऊस खाली मुरायचा आणि भेगांमधून सरकत आमच्या बोअरकडे यायचा. आपण म्हणायचो आमच्या बोअरला चांगलं पाणी आहे, खरं तर ते पटेल काकांचं पाणी होतं. पटेल काकांनी बोअर केली, त्यांच्या पलीकडच्यांनी केली, आणि वीस वर्षांत सगळ्यांचंच संपलं. यात कुणाची लबाडी नाही हो, खालचं पाणी दिसत नाही आणि विजेचं बिल मोटरच्या हॉर्सपॉवरवर ठरलेलं, मग किती तास चालवली याने खिशाला काही फरकच पडत नाही.

ड्रिप लावली आणि पाणी जास्त लागलं

इथे मला थोडं थांबायचंय कारण या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

2016 च्या सुमारास दादाने बटाट्याला ड्रिप लावली. अनुदान होतं, चिप्सच्या बटाट्याला भाव बरा होता (माळव्याच्या बटाट्यात साखर कमी आणि घट्टपणा जास्त म्हणून चिप्सवाल्यांना तो आवडतो), आणि ड्रिपने काम पण छान झालं. एकरी 24 लाखाच्या जागी 12 लाख लिटर, खत नळीतूनच देता येतं, बटाटा एकसारखा, तण कमी. मला स्वतःला ड्रिप खूप आवडते, तिच्या विरोधात माझं एक अक्षर नाही.

पण पाणी अर्धं लागतं म्हटल्यावर दादाने काय केलं, शेजारची 5 एकर ठेक्याने घेतली आणि बटाटा 3 एकरांवरून 8 एकरांवर नेला. 8 गुणिले 12, झाले 96 लाख. आधी मोकळ्या पाण्यावर 72 लाख लागत होते. गहू-लसूण होते तसेच. एकूण उपसा 1 कोटी 95 वरून 2 कोटी 20 लाखाच्या जवळ गेला. वर मोकळ्या पाण्यातलं जे थोडं परत मुरायचं तेही ड्रिपमध्ये मुरत नाही. म्हणजे यंत्र पाणी वाचवणारं आणि शेत पाणी जास्त खाणारं, दोन्ही एकाच वेळी खरं.

दादाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात दोन मुलांची फी, ट्रॅक्टरचा हप्ता, आणि पाणी आहे असं दिसतंय तर माणूस पीक वाढवणारच. चूक असेल तर अनुदान देण्याच्या पद्धतीत आहे, तिथे किती एकरावर ड्रिप झाली ते मोजतात, जमिनीखालून किती पाणी निघालं ते कुणी मोजत नाही.

मग आला 2019 चा पावसाळा. आठवत असेल सगळ्यांना, मंदसौर-नीमचकडे पूर आले होते, इंदूरात पण सप्टेंबर संपेपर्यंत पाऊस थांबत नव्हता, सोयाबीन शेतात उभं सडलं. मामीला वाटलं की चला निदान रबी तरी निवांत जाईल. आणि त्याच रबीत फेब्रुवारी संपता संपता 520 फुटी बोअर हवा ओढायला लागली. घरात कुणाला पटेना की एवढा पाऊस गेला कुठे. गेला तो नाल्यातून गंभीर नदीला आणि पुढे क्षिप्रा-चंबळला. खालचा थर ऑगस्टमध्येच भरून बसला होता, नंतर पडला तो सगळा वरून वाहून गेला. खडकाची पोटं लहान आहेत, पाऊस दुप्पट झाला म्हणून ती मोठी होत नाहीत.

तेव्हा मामाने मला बोलावून विचारलं, "तू एवढी धरणं-नाल्यांची इंजिनियर, आपल्या शेतात किती पाणी आहे ते सांगता येईल का तुला?" हा प्रश्न त्याने आधी कधी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर गावात कुणीच विचारत नव्हतं. सगळे विचारतात पाणी किती लागेल.

मोजायला सुरुवात

महागडं काही केलं नाही. जुनी 35 फुटी विहीर हेच आमचं मीटर. सुतळीला दगड बांधून, सुतळीवर दर फुटाला गाठ, आणि महिन्यातून दोनदा विहिरीच्या काठावरून खाली सोडायची, पाणी किती खाली आहे ते कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचं. हे काम मामी करते. एकादशी-चतुर्थी ती तसंही बघतेच, तर त्या दोन एकादशांना गाठी मोजायच्या असं तिनेच ठरवलं. शेतात पाऊस मोजायला एक साधं रेनगेज लावलं. आणि प्रत्येक मोटरचा एकदा बादली-घड्याळ लावून प्रवाह काढला म्हणजे किती तास चालली त्यावरून लिटर निघतात.

दोन हंगाम एवढं लिहिल्यावर दिसलं की ऑक्टोबरमध्ये विहिरीचं पाणी 6-7 फुटांवर असतं, गव्हाच्या पलेव्याच्या पंधरा दिवसांत ते 15 च्या खाली जातं आणि डिसेंबरच्या शेवटी विहीर कोरडी. म्हणजे सगळ्यात मोठा खड्डा पडतो तो पलेव्याच्या वेळी, कारण त्या पंधरवड्यात अख्खं गाव एकदम मोटर चालू करतं. दिवसाला 10 तास थ्री फेज मिळते, ती सगळी. आणि पलेव्याचं पाणी भेगाळलेल्या काळ्या मातीत 80 मिलिमीटर सहज जिरतं, पीक अजून शेतात पेरलेलं पण नसतं!

तळं

देवास इथून जवळ. 1990 साली तिथे रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, माझ्या आईच्या पिढीला ते चांगलं आठवतं. त्याच जिल्ह्यात 2006 पासून, उमाकांत उमराव कलेक्टर असताना, भगीरथ कृषक अभियान चाललं, ज्यांच्याकडे जमीन आणि ट्रॅक्टर आहे अशा मोठ्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्यायचा, तळ्याला नाव रेवासागर. टोंककलाँसारख्या गावांत तुम्ही आज गेलात तर शेतोशेती तळी दिसतात. मग 2007 मध्ये राज्याची बलराम ताल योजना आली. म्हणजे कल्पना नवी नव्हती, अगदी दारातली होती, पण 10 एकरांतली 1 एकर पाण्याखाली घालायची म्हटलं की पोटात गोळा येतोच. दादा म्हणाला, "ताई, एक एकर म्हणजे दरवर्षीचा तेवढा गहू गेला की." मी म्हटलं गहू पाण्याने येतो दादा, जमिनीने नाही, तुझ्याकडे जमीन उरलीय आणि पाणी संपलंय.

मे 2022 मध्ये खोदलं. वरून साधारण 60 बाय 67 मीटर, खोली 3 मीटर, बाजू उतरत्या दीडास एक. पोटात मावतं 1 कोटी 4 लाख लिटर. खर्च साडेचार लाखाच्या आसपास, पोकलेन आणि डंपर मिळून, त्यातला थोडा भाग अनुदानात सुटला आणि कागदपत्रांना खोदण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

खोदताना एक गोष्ट झाली ती तळं करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आठ-साडेआठ फुटांवर उत्तरेच्या कोपऱ्यात मुरूम लागला. पोकलेनवाला म्हणाला अजून दोन फूट सहज जाईन, तेवढंच पाणी वाढेल. मामाने तिथेच काम थांबवलं. मुरमात तळं गेलं की गळतं, ते पाणी खालच्या थराला मिळतं हे चांगलंच, पण आपल्याला रबीला उरत नाही. मग त्या कोपऱ्यात बाजूची चिकण काळी माती फूटभर टाकली, पाणी मारलं आणि ट्रॅक्टर-रोलर फिरवून दाबली, आणि बाकी तळ काळ्या-पिवळ्या मातीतच थांबवला. प्लास्टिक नाही. काळी माती एकदा भिजून फुगली की स्वतःच तोंड बंद करते. निघालेली काळी माती शेताच्या वरच्या बाजूला जिथे खडकाळ पट्टा होता तिथे पसरली, तिथे आता चना होतो.

प्लास्टिकवरून घरात बरंच भांडण झालं होतं ते सांगते. दादाला प्लास्टिकचं तळं हवं होतं, आणि पाऊस कमी पडला तर बोअरने भरून ठेवायचं. हे नाशिक-नगरकडे भरपूर झालंय, शेततळं पावसाचं म्हणून अनुदान घेतलं आणि हिवाळ्यात विहिरी-बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं, म्हणजे सावलीतलं थंड पाणी उन्हात आणून ठेवायचं आणि वाफ होऊ द्यायची. सगळ्यांच्या मालकीचं पाणी आपल्या एकट्याच्या टाकीत. मी यावर अडून बसले आणि मामा माझ्या बाजूने उभा राहिला, म्हणून आमच्या तळ्यात बोअरचा पाइप जात नाही.

तळं भरतं कशाने ते बघा. 10 एकरांवर 950 मिलिमीटर म्हणजे 3 कोटी 84 लाख लिटर पडतं, काळ्या मातीत त्यातलं 20 ते 30 टक्के वाहून जातं, म्हणजे 77 लाख ते 1 कोटी 15 लाख. वरच्या शेतातून थोडं येतं. तळ्यात शिरायच्या आधी गाळाचा खड्डा केलाय. भरल्यावर जादा पाणी फिल्टरच्या खड्ड्यातून जुन्या विहिरीत सोडलंय, त्यात मोठे दगड, गिट्टी, वाळू. ऑक्टोबर ते जानेवारी बाष्पीभवनात आणि झिरपण्यात पाऊण ते एक मीटर जातं. हाताशी राहतं 75 लाख लिटर.

75 लाखात काय बसतं

इथून उलट बाजूने विचार सुरू झाला. आधी ठरायचं पीक आणि मग पाण्याच्या मागे धावायचं, आता कागदावर वर 75 लाख लिहायचे आणि खाली पीक बसवायचं.

गहू 5 एकर, पण कमी पाण्याचा. इंदूरला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, दिल्लीच्या पूसा संस्थेचं, तिथूनच एच आय 1500 अमृता, एच आय 1531 हर्षिता, एच आय 1605 पूसा उजाला असे एक-दोन पाण्यावर येणारे वाण निघालेत. आपल्या घराजवळ ही वस्तू आहे आणि आपण पाच पाण्याचाच गहू लावत बसतो. हा गहू ऑक्टोबरच्या शेवटी लवकर पेरायचा, जमिनीत पावसाची ओल असतानाच, पलेवा नाही, ओल कमी वाटली तर पेरून वरून 30 मिलिमीटर हलका फवारा. मग 35-40 दिवसांनी एक पाणी आणि 70 च्या सुमारास दुसरं, दोन्ही स्प्रिंकलरने 55 मिलिमीटर. एकरी 5 लाख 66 हजार लिटर.

उतारा पडतो हे लपवत नाही. पूर्वी एकरी 19 क्विंटल निघायचा, आता 14. पण आधी 1 किलो गव्हामागे साडेआठशे लिटरच्या वर पाणी लागत होतं, आता 400 लागतं. आणि हा गहू शरबती जातकुळीचा, पोळीला मऊ, मंडीत क्विंटलमागे थोडा जास्त भाव मिळतो. खत आणि डिझेलचा खर्च कमी. पाच क्विंटलची सगळी तूट भरून निघत नाही, पण फेब्रुवारीत बोअर आटून पिकाचं निम्मं वाळायचं ते बंद झालं.

बटाटा ड्रिपवर 2 एकर, 24 लाख. लसूण 1 एकर, मिनी स्प्रिंकलरवर, 16 लाख. डालर म्हणजे काबुली चना 1 एकर, एका पाण्यावर, 2 लाख. गव्हाचे 28 लाख धरून सगळे मिळून 70 लाख. ठेक्याची जमीन सोडली. दादाला हे जड गेलं, अजूनही जड जातं, 8 एकर बटाट्याचा एक चांगला भाव लागलेला सीझन त्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि तो सीझन खोटा नव्हता. बोअरपैकी एक घरासाठी आणि जनावरांसाठी ठेवलीय, बाकी दोन्हींची मोटर काढून झाकण लावलं.

विजेचा फायदा मला सगळ्यात जास्त दिसतो. एकरभर गव्हाला एक मोकळं पाणी 400 फुटांवरून उचलायचं तर मोटर-पाइपाचं नुकसान धरून 190 युनिटच्या आसपास वीज जाते, तेवढंच पाणी तळ्यातून उचलून स्प्रिंकलरच्या दाबाने द्यायला 40-45. बिल हॉर्सपॉवरवर असल्याने मामाच्या खिशात हा फरक पूर्ण येत नाही, तो सरकारच्या सबसिडीत आणि कोळशात येतो.

ऑगस्ट 2023

तळं रबीसाठी केलं होतं पण पहिली खरी परीक्षा खरीपात झाली. ऑगस्ट 2023 हा देशातला 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. जुलैत तळं भरलं होतं. सोयाबीन फुलात आणि शेंगा धरायच्या बेतात, आणि पाऊस गायब. काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा, दुपारी 12 वाजता सोयाबीनची पानं उलटी होऊन पांढुरकी बाजू दिसायची, लांबून अख्खं शेत फिकट. मामाने वाट न बघता 9 एकरांवर स्प्रिंकलरने 40 मिलिमीटर दिलं, 15 लाख लिटर गेले. रात्री नोझल बदलायला मामा, दादा आणि दादाचा बारावीतला मुलगा असे तिघं. सप्टेंबरच्या मध्याला इंदूरात जोरदार पाऊस झाला आणि तळं परत काठोकाठ. त्या वर्षी मामाकडे एकरी 5 क्विंटल सोयाबीन झालं, पटेल काकांकडे 3. पटेल काका कट्टर बोअरवाले, पण ऑगस्टात वरचा थर भरलेलाच नव्हता तर बोअर देणार काय.

सोयाबीन पेरणीतही एक बदल केलेला होता, इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेवाले बरीच वर्षं सांगतात तो, सपाट न पेरता रुंद गादी आणि बाजूला सरी. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीत धरून राहतं. एवढ्याने दुष्काळ टळत नाही, आठवडा-दहा दिवसांची ओढ निघून जाते, आणि तळ्यात येणारं पाणी कमी गढूळ येतं.

आणि नरवाई, म्हणजे शेतात उरलेली गव्हाची धसकटं-काडी. गव्हाची कापणी झाली की आपल्याकडे नरवाई पेटवून देतात, एप्रिलमध्ये रात्री इंदूर-उज्जैन रस्त्यावरून गेलात तर आगीच्या रेघा दिसतात. याच इंदूरात 1924 ते 1931 अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करायची पद्धत बसवली, जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात, आणि त्याच इंदूरच्या शिवारात आपण काडी जाळतो हे मला खरंच लागतं. मातीत कुजलेला काडीकचरा असला की पाऊस मुरतो जास्त आणि ओल टिकते जास्त. मामाने जाळणं बंद केलंय, निम्मी काडी जनावरांना आणि निम्मी रोटाव्हेटरने मातीत.

बाकीचं गाव

एका शेताने खालची पातळी सुधारत नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मामीच्या कालनिर्णयवर आता विहिरीचं पाणी जानेवारीच्या मध्यापर्यंत टिकलेलं दिसतं, पूर्वी डिसेंबरअखेर संपायचं, तेवढाच फरक. कारण त्याच नाल्यावरचे बाकीचे उपसतातच आहेत.

त्या नाल्यावर आम्ही धरून सहा शेतकरी. मामाने सगळ्यांना घरी बोलावलं, पोहे-जिलबी झाली, आणि कॅलेंडर समोर ठेवलं. मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं सांगितलं, की तिथे आपल्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो आणि दरवर्षी गावात पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरतं, सिंचनासाठी बोअर मारायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही हे गावानेच ठरवलंय. ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव तिघांना माहीत होतं. चार जण तयार झाले की बटाटा-लसूण मिळून जमिनीच्या चौथ्या हिश्शाच्या वर न्यायचा नाही आणि पलेव्याच्या मोटरी एकाच आठवड्यात चालवायच्या नाहीत, पाळ्या लावायच्या. दोघं नाही म्हणाले. त्यातल्या एकाने पुढच्याच उन्हाळ्यात 700 फूट बोअर मारली, महिनाभर दोन इंची पाणी आलं, मग थेंब-थेंब. त्याच्यावर कर्ज झालंय, त्याला शहाणपणा शिकवायला मी जात नाही, त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं कोण जाणे.

या बैठकीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली, की नर्मदा येतेय मग काळजी कशाला. आपल्या इंदूरकरांना हे पटकन पटतं, 1978 पासून आपण नळाला नर्मदाकाठच्या जलूदहून चढवलेली नर्मदाच पितोय. 2014 मध्ये नर्मदा क्षिप्रेत आणून सोडली, आणि नर्मदा-माळवा-गंभीर लिंकचे पाइप देपालपूरकडच्या शेतापर्यंत येतायत. पाणी येईल, यावं, त्याला माझा विरोध नाही. पण ओंकारेश्वरच्या जलाशयापासून आपलं पठार साडेतीनशे मीटर उंच आहे. एकरभर गव्हाच्या एका मोकळ्या पाण्यासाठी ती नर्मदा वर चढवायची तर साडेतीनशे युनिटच्या वर वीज लागते, कुणीतरी ती कायम भरत राहणार असं धरून चालायचं का? आणि ते पाणी आल्यावर परत 8 एकर बटाटा झाला तर? ड्रिपच्या वेळी जे झालं तेच मोठ्या प्रमाणावर होईल. पाइपाचं पाणी येईल तेव्हा ते कागदावर वरच्या ओळीत, 75 लाखाच्या शेजारी लिहायचं आणि मगच खालच्या ओळी वाढवायच्या, एवढं मामाने आणि तयार झालेल्या बाकीच्यांनी मान्य केलंय.

सध्या दोन कामं बाकी आहेत. गाळाचा खड्डा तीन पावसाळ्यांत निम्मा भरलाय, तो या मे महिन्यात उपसायचा, नाही तर पुढचा गाळ सरळ तळ्यात जाईल. आणि पटेल काकांनी आपल्या खालच्या पट्ट्यात तळ्यासाठी पाऊण एकर दाखवलीय, तिथे मुरूम किती फुटांवर आहे ते बघायला चार ठिकाणी खड्डे घ्यायचेत, पोकलेन बोलावण्याआधी.